माजघर मावेल असें भिंग

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कपाटाच्या वरच्या फळीवर, लोंकरी कपड्यांच्या मागें, वडिलांचा किंवा चुलत्यांचा जुना कॅमेरा पडलेला असेल. त्यांतील कांहीं कॅमेरे रेंजफाइंडर जातीचे असतात. त्यांत आरसा नसतो. बघण्याच्या खिडकींत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात; भिंगाचें कडें फिरवून त्या एकमेकींवर आणल्या कीं अंतर साधलें. अशा कॅमेऱ्यास रुंद दृष्टीचें भिंग, ज्यास बाजारांत वाइड अँगल लेन्स म्हणतात, बेताच्या पैशांत कसें निवडावें, याविषयीं या वेळीं लिहावें असें योजिलें आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु गेल्या वर्षीं आमच्या घरीं त्यास जें महत्त्व आलें, तें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

वाईचा आमचा वाडा आम्हां भावांनीं गेल्या वर्षीं पाडावयास दिला. तो निर्णय योग्य कीं अयोग्य, याची चर्चा येथें नको. तुळया पोखरल्या होत्या आणि मुलेंबाळें परगांवीं होतीं, इतकें पुरे. दसऱ्यापर्यंत जागा मोकळी करून द्यावयाची असें ठरलें. वाड्यांत शेवटपर्यंत राहिल्या त्या आमच्या थोरल्या वहिनी. वय अठ्ठ्याहत्तर. १९६८ सालीं त्या लग्न होऊन आमच्या घरीं आल्या, आणि त्याच लग्नासाठीं आमच्या वडिलांनीं झोर्की-४ नांवाचा रशियन कॅमेरा घेतला होता. चैत्रांत धाकट्या बंधूचें पत्र आलें. पत्र म्हणजे आतां मोबाइलवरील चार ओळीच. ‘अण्णा, माजघराचें एक नीट छायाचित्र असावें, आणि त्यांत वहिनी असाव्या.’ नातवानें तत्काळ मोबाइल काढला. वहिनींनीं पदर सांवरला आणि मान हलविली. मला म्हणाल्या, “भाऊजी, मोबाइलांत किती फोटो निघतात आणि किती पुसले जातात, तें मी रोज पाहतें. मामंजींचा कॅमेरा आणा, मग बसतें.”

कॅमेरा आणला. त्यावर मूळचें ५० मिलिमीटरचें भिंग होतें. माजघराच्या दारांत, ओटीकडे पाठ लावून उभा राहिलों, तर खिडकींत एक खांब आणि अर्धा झोपाळा एवढेंच दिसलें. अधिक मागें जावें तर ओटीची भिंत.

शाळेंत चाळीस वर्षें गणित आणि संस्कृत शिकविलें असल्यामुळें मीं प्रथम दुकानाची नव्हे, त्रैराशिकाची वाट धरली. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्राची रुंदी ३६ मिलिमीटर असते. त्या ३६ ला भिंगावर कोरलेल्या नाभ्यंतराच्या आंकड्यानें भागावें, आणि भागाकारास आपण जितके फूट दूर उभे राहूं शकतों त्यानें गुणावें. समोरची तितके फूट भिंत चित्रांत येते. आमच्या माजघराची समोरची भिंत दारापासून बारा फूट, आणि तिची रुंदीही बारा फूट. ५० च्या भिंगास तिच्यापैकीं साडेआठ फुटांहून किंचित् अधिक दिसते. ३५ च्या भिंगास सवाबारा फूट. २८ च्यास सुमारें साडेपंधरा, आणि २१ च्यास साडेवीस. ज्यास भिंग घ्यावयाचें आहे त्यानें दुकानदारास विचारण्यापूर्वीं टेप घेऊन आपल्या घरांत हें मोजावें, असें माझें सांगणें आहे. मोजमाप फुकट असतें.

आतां कोणी म्हणेल, मग २१ चेंच कां घेऊं नये? जितकें रुंद तितकें बरें. तसें नाहीं. अतिरुंद भिंगानें जवळची वस्तु अजस्र होते आणि समोरची भिंत दूर पळते. बारा फुटांचें माजघर धर्मशाळेसारखें भासतें. चौकटीच्या कडेला बसलेल्या माणसाचा चेहरा बाजूस ताणला जातो, आणि घरांतील वडील मंडळींस तो अपमान वाटतो. कॅमेरा किंचित् वर रोखला तर खांब आंत झुकतात. ३५ च्या भिंगांतही हे दोष आहेत. परंतु कॅमेरा समतल धरला तर ते सहसा डोळ्यांत भरत नाहींत.

खर्चाचा दुसरा मुद्दा पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं, तो म्हणजे बघण्याच्या खिडकीचा. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत आपण भिंगांतून पाहत नाहीं, शेजारच्या खिडकींतून पाहतों. भिंग बदललें तरी खिडकी बदलत नाहीं. आमच्या झोर्कीची खिडकी ५० पुरतीच. लायकाचा १९५४ चा सुप्रसिद्ध एम-३ देखील ५० पासून पुढच्याच चौकटी दाखवितो; ३५ ची चौकट १९५७ च्या एम-२ मध्यें आली, आणि २८ ची तर १९८० च्या सुमारास एम-४पी मध्यें. तेव्हां ज्याच्या कॅमेऱ्यांत चौकट नाहीं त्यास डोक्यावर बसवावयाची स्वतंत्र खिडकी निराळी विकत घ्यावी लागते, आणि चांगली खिडकी कधीं कधीं भिंगाच्याच मोलाची असते. भिंगासाठीं जी रक्कम ठरवाल तींत ही धरूनच चला. मला सोव्हिएत बनावटीची एक फिरती खिडकी मिळाली. तींत २८, ३५, ५०, ८५ आणि १३५ अशीं पांचही दृश्यें चक्री फिरवून दिसतात. दिसायला ओबडधोबड आहे, पण काम चोख.

या जातीच्या कॅमेऱ्याचा एक मोठा गुण मात्र येथें सांगितला पाहिजे. आंत आरसा नसल्यामुळें भिंगाचा मागचा भाग फिल्मच्या अगदीं जवळ नेतां येतो. आरशाच्या कॅमेऱ्यांत तशी जागा नसते. म्हणून त्यांच्यासाठीं रुंद भिंगाची रचनाच उलटी करावी लागली, आणि फ्रान्समधील आंजेन्यू यांनीं १९५० सालीं तसें भिंग काढलें. तीं भिंगें आकारानें मोठीं होतात. रेंजफाइंडरचें ३५ चें भिंग मुठींत मावतें, आणि पुष्कळदां जुन्या, स्वस्त भिंगांतही सरळ रेषा सरळच राहतात.

आतां प्रत्यक्ष निवड. जुन्या कॅमेऱ्यांची एक मोठी शाखा ३९ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची आहे. आरंभींचे लायका, कॅनन, रशियन झोर्की आणि फेड त्याच शाखेचे. दुसरी शाखा लायकाच्या एम बायोनेटची. आट्यांचें भिंग एक मिलिमीटर जाडीचें कडें लावून बायोनेटच्या कॅमेऱ्यावर चालतें. उलट बायोनेटचें भिंग आट्यांच्या कॅमेऱ्यावर चालत नाहीं. म्हणून ज्याची शक्ति एकच भिंग घेण्याची आहे त्यानें आट्यांचें घ्यावें. उद्यां कॅमेरा बदलला तरी तें फुकट जात नाहीं. चीनमधील सेव्हन आर्टिझन्स आणि टीटी आर्टिझन यांनीं अलीकडे माफक किंमतीचीं नवीं भिंगें काढलीं आहेत, परंतु तीं बायोनेटचीं. आमच्या उपयोगाचीं नव्हेत. जपानच्या कोसिना कंपनीनें १९९९ पासून फोक्टलेंडर या नांवाखालीं आट्यांचीं जीं भिंगें काढलीं त्यांतील ३५ चें कलर-स्कोपार फार सुबक. जुनीं कॅननचीं ३५ चींही उत्तम. दोन्ही माझ्या पेन्शनच्या पलीकडे होतीं.

उरलें तें ज्युपिटर-१२. याचा वंश थोर आहे. लुडविग बेर्टेले या जर्मन भिंगतज्ज्ञानें महायुद्धापूर्वीं झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठीं बायोगॉन नांवाचें ३५ चें भिंग रचिलें; युद्धानंतर त्याच रचनेवर सोव्हिएत कारखान्यांनीं ज्युपिटर-१२ काढलें. मोठें छिद्र २.८ चें. या तीन भिंगांत सर्वांत स्वस्त तें हेंच.

आणि येथेंच मीं ठेंच खाल्ली. ज्युपिटर-१२ हें दोन बैठकींत निघत असे: एक आट्यांची, दुसरी कॉन्टॅक्सच्या धर्तीवरील कीव्ह कॅमेऱ्याची. नांव तेंच, आंकडे तेच. विक्रेत्यानें चित्रांत पुढची बाजू दाखविली होती. मागची पाहण्याची बुद्धि मला झाली नाहीं. ज्येष्ठांत मागविलेलें भिंग आषाढांत आलें. डबी उघडली, फिरवून पाहिलें, तर आट्यांचा पत्ताच नाहीं. तें परत पाठविण्यांत, पैसे येण्यांत आणि दुसरें मागविण्यांत श्रावण गेला. वहिनी मधून मधून फोनवर विचारीत, “आलें का हो तुमचें भिंग?” त्यांच्या आवाजांत टोमणा नव्हता, म्हणूनच तो मला अधिक लागे. तेव्हां मागच्या बाजूचें चित्र पाहिल्याशिवाय पैसे पाठवूं नयेत, आणि परदेशांतून मागविल्यास टपाल व जकात हीं किंमतींतच मिळवून पाहावीं.

दुसरें भिंग गणपतीनंतर आलें. जुनें भिंग हातीं येतांच तें उजेडाकडे धरून मागून मोबाइलचा दिवा लावावा. आंत धुकें, किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर ती बुरशी. आपल्या कोंकणांत आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यांत ती लागण्यास वेळ लागत नाहीं. चामड्याच्या पिशवींत भिंग ठेवणें म्हणजे तिला आमंत्रणच. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावें. पुढच्या कांचेवर एखादा बारीक ओरखडा असल्यास बिघडत नाहीं. त्यामुळें किंमत उतरते, हा उलट फायदाच. ज्युपिटर-१२ ची मागची कांच मात्र जपावी. ती इतकी बाहेर आलेली असते कीं कॅमेऱ्यांत जवळजवळ पडद्याला भिडते; म्हणून कांहीं कॅमेऱ्यांत हें भिंग बसतच नाहीं. झोर्कींत बसतें. छिद्राचें कडें अगदीं पुढें, आंतल्या अंगास आहे. तें फिरविण्यासाठीं कॅमेरा उलटा करून भिंगाच्या तोंडाकडे पाहावें लागतें. सवय होते.

मोठ्या छिद्राच्या महाग भिंगाचा मोह घरांतील चित्रांसाठीं धरूं नये. आम्हीं ४०० संवेदनेची कृष्णधवल फिल्म घातली, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला, छिद्र ८ वर आणि अंतर नऊ फुटांवर. एवढ्यानें सहा फुटांपासून अठरा फुटांपर्यंत सर्व स्पष्ट येतें. दोन प्रतिमा जुळविण्याचीही गरज उरत नाहीं. खिडकीच्या उजेडांत अर्धा सेकंद लागला. झोर्कींत आधीं पडदा चढवावा आणि मगच वेग बदलावा, नाहीं तर यंत्र बिघडतें. हें वडिलांनीं मला अकराव्या वर्षीं शिकविलें होतें, आणि तें हातानें आपोआप केलें.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशीं वहिनी खांबाशीं पाटावर बसल्या आणि वाती वळूं लागल्या. “वहिनी, आतां हात थांबवा,” असें मीं म्हणावें, त्यांनीं थांबवावे, आणि कळ दाबावी, असें किती वेळ चाललें. छत्तीसपैकीं पंचवीस चित्रें मीं त्याच जागेवरून, तशींच घेतलीं. एक बिघडलें तर दुसरें असावें म्हणून. उरलेलीं अकरा चौकाचीं आणि विहिरीचीं.

पुण्यास फिल्म धुवून, मोठा कागद काढून आणीपर्यंत दिवाळी होऊन गेली. चित्र खरोखरच चांगलें उतरलें. समोरची भिंत या टोंकापासून त्या टोंकापर्यंत, दोन्ही खांब उभे सरळ, झोपाळ्याच्या कड्या सुद्धां मोजून घ्याव्या. वहिनी आतां धाकट्या बंधूकडे सदनिकेंत असतात. त्यांनीं चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलें. मग बोट कागदाच्या उजव्या कडेवरून बाहेर, टेबलावर नेलें.

“भाऊजी, दिव्याचा कोनाडा नाहीं आला.”

तो कोनाडा बाजूच्या भिंतींत होता, समोरच्या भिंतीपासून जेमतेम दोन फूट अलीकडे. सत्तावन्न वर्षें त्या तेथें दिवा लावीत आल्या होत्या. मीं त्रैराशिक मांडलें तें समोरच्या भिंतीचें. बाजूच्या भिंतींचें मांडलेंच नाहीं. २८ च्या भिंगास तो कडेला कां होईना, आला असता. तेंही सोडा, मूळचें ५० चें भिंग त्या दिवशीं माझ्या खिशांत होतें, आणि पंचविसांतील एक चित्र त्यास देतां आलें असतें. मीं वहिनींस कोठें बसावें तें सांगितलें. काय यावें तें विचारलें नव्हतें.

त्याच आठवड्यांत वाईस गेलों. माजघराच्या जागेभोंवतीं पत्रे लागले होते.