लेखनाचं पुस्तक निवडण्याआधी मुलाचं पान वाचा

मे-जून आला की मुलांना घरी शिकवणाऱ्या आपल्या मराठी पालकांमध्ये पुढच्या वर्षीच्या पुस्तकांची चर्चा सुरू होते. गणिताचा निर्णय चटकन होतो, कारण त्यात आपला हात बसलेला असतो. विज्ञानाचंही निभावतं. गाडी अडते ती सहावी ते आठवीच्या इंग्रजी लेखनापाशी. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत निबंध पाठ करून लिहिले. ते कसे लिहायचे हे कुणी शिकवलं नाही. त्यामुळे या विषयात स्वतःवर भरवसा नसतो. मग ज्या संचात रोजचा धडा, नियमांची यादी आणि गुणांचा तक्ता तयार मिळतो, तो आपण डोळे झाकून मागवतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी मुलाने लिहिलेलं पान नीट वाचावं, ते नेमकं कुठे अडतंय हे ओळखावं आणि त्या अडचणीवरचं पुस्तक घ्यावं.

निवडीची मोकळीक इथे अमेरिकेत भरपूर आहे. टेक्ससमध्ये घरी शिकवताना वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व हे विषय घ्यावे लागतात. लेखनाचा त्यात वेगळा उल्लेखही नाही. न्यू जर्सीत आपण घरी शिकवतो हे कळवण्याची सक्ती नाही. पेनसिल्व्हेनियात वर्षाखेरीस मुलाच्या कामाचे नमुने मूल्यमापकाला दाखवावे लागतात, न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. पण पुस्तक कोणतं, हे तिथेही पालकच ठरवतात. एवढी मोकळीक असताना सगळ्यांनी एकच संच का घ्यावा?

घरच्या घरी एक साधी चाचणी घेता येते. मुलाला त्याच्या आवडीच्या विषयावर पाच मिनिटं बोलू द्यावं आणि मग त्याच विषयावर एक परिच्छेद लिहायला सांगावं. आमच्या गटातला बारा वर्षांचा एक मुलगा प्लूटोवर भरभरून बोलतो. 2006 मध्ये त्याचं ग्रहपद का गेलं, एरिस सापडल्यामुळे कोणता पेच उभा राहिला, आपली कक्षा मोकळी करणं म्हणजे काय, हे सगळं तो कारणांसकट सांगतो. कागदावर मात्र तीन वाक्यं उतरली: ‘प्लूटो ग्रह नाही. तो लहान आहे. मला प्लूटो आवडतो.’ या मुलाला माहिती कमी नाही की विचार कमी नाही. डोक्यातलं कारण वाक्यात बांधणं त्याला जमत नाही. त्याला पाच परिच्छेदांच्या निबंधाचा साचा देऊन काय होणार? साचा भरायला वाक्यंच नाहीत.

अशा मुलासाठी वाक्यापासून सुरुवात करणारी पद्धत हवी. ज्युडिथ हॉकमन यांनी नॅटली वेक्सलर यांच्यासोबत लिहिलेल्या ‘द रायटिंग रेव्होल्युशन’ (2017) या पुस्तकात तिचा पाया आहे. एकच विधान घ्यायचं आणि ते ‘कारण’, ‘पण’ आणि ‘म्हणून’ या तीन शब्दांनी तीन वेळा पुरं करायचं. इरी कालव्यामुळे न्यूयॉर्कची भरभराट झाली, कारण पश्चिमेकडचं धान्य स्वस्तात बंदरापर्यंत येऊ लागलं. भरभराट झाली, पण पुढे रेल्वे आली आणि कालव्याचं महत्त्व ओसरलं. भरभराट झाली, म्हणून इतर राज्यांनीही कालवे खणायला घेतले. व्यायाम अगदी लहान दिसतो, पण इतिहास कळल्याशिवाय यातलं एकही वाक्य पुरं करता येत नाही. लेखनासाठी वेगळा तास काढायची गरज नाही. इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या तासातच ते होतं.

दुसऱ्या प्रकारचं मूल कोऱ्या कागदासमोर ‘काय लिहू?’ म्हणत बसून राहतं. त्याला इन्स्टिट्यूट फॉर एक्सलन्स इन रायटिंगचा, म्हणजे अँड्र्यू पुडेवा यांचा अभ्यासक्रम उपयोगी पडतो. छोटा उतारा वाचायचा, प्रत्येक वाक्यातले दोन-तीन शब्द टिपायचे, उतारा झाकायचा आणि त्या शब्दांवरून मजकूर नव्याने लिहायचा. ‘मोनार्क फुलपाखरं हिवाळ्यात मेक्सिकोच्या डोंगरातल्या झाडांवर जमतात’ या वाक्याचे वहीत उरतात ते तीन शब्द: हिवाळा, मेक्सिको, झाडं. बेंजामिन फ्रँकलिन लहानपणी बॉस्टनमध्ये ‘स्पेक्टेटर’मधले निबंध असेच टिपून ठेवी, काही दिवसांनी त्या टिपणांवरून ते पुन्हा लिहून काढी आणि मुळाशी ताडून पाही, असं त्याने आत्मचरित्रात सांगितलं आहे. याच अभ्यासक्रमात प्रत्येक परिच्छेदात अमुक प्रकारचं क्रियाविशेषण, तमुक प्रकारचं उपवाक्य घालायची यादीही असते. काही महिने ती चांगली, कारण मुलाला वाक्य फिरवून पाहायची सवय लागते. सातवी-आठवीतही ती चालूच ठेवली तर प्रत्येक निबंध अलंकारांनी जड होतो आणि मूल काय म्हणावं याऐवजी यादीतलं काय राहिलं याचाच विचार करतं. यादी कधी थांबवायची हे तिच्या वापराइतकंच महत्त्वाचं आहे.

तिसरं मूल पानंच्या पानं लिहितं, पण कशाला धरून काही नसतं. त्याच्यासाठी मी सुझन वाइज बाउअर यांचं ‘रायटिंग विथ स्किल’ सुचवेन. त्यात मूल आधी दुसऱ्याच्या लेखनाचा आराखडा काढायला शिकतं: या परिच्छेदाचा मुद्दा काय, त्यानंतर पुढचा का आला. स्वतःचा लेख बांधायची पाळी नंतर येते. हे काम रुक्ष आहे आणि वाक्यातच अडणाऱ्या मुलाला ते झेपत नाही. चुकीच्या भीतीने खोडरबर हातातून न सोडणाऱ्या मुलाला मात्र यातलं काहीच आधी देऊ नये. त्याला ज्युली बोगार्ट यांच्या ‘ब्रेव्ह रायटर’ची पद्धत मानवते. ठरावीक वेळ न थांबता लिहायचं, स्पेलिंगकडे पाहायचं नाही आणि अशा बऱ्याच लिखाणांतून एखादंच निवडून ते सुधारायचं.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला: भरपूर वाचलं की लिहिणं आपोआप येतं. वाचनाशिवाय लेखन नाही, हे खरंच. पण भरपूर वाचणारी आणि तरी एक परिच्छेद न जमणारी मुलं आपल्याच घरांत आहेत. दुसरा आक्षेप: व्याकरण पक्कं केलं की पुरे. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी 2007 मध्ये ‘रायटिंग नेक्स्ट’ या अहवालात चौथी ते बारावीच्या मुलांवरचे अभ्यास एकत्र मांडले. लेखनाची आखणी आणि दुरुस्ती पायरीपायरीने शिकवणं आणि सारांश लिहायला शिकवणं यांचा परिणाम सर्वांत ठळक दिसला. व्याकरण सुटं शिकवण्याने लेखनाचा दर्जा सुधारला नाही. परिणाम उलटाच आढळला. म्हणून रोज व्याकरणाचे कागद भरून घेण्यात जाणारा अर्धा तास मुलाच्याच वाक्यांना द्यावा.

पुस्तक कुठलंही घ्या, ते वाचणारं माणूस घरातच लागतं. ‘माझं इंग्रजी तेवढं चांगलं नाही’ ही सबब मला मान्य नाही. इथे मुद्दा कळला नाही, इथे कारण दे, हे सांगायला उत्तम इंग्रजी लागत नाही, लक्ष देऊन वाचावं लागतं. एका वेळी एकच दोष दाखवावा. लाल पेनाने भरलेलं पान पाहून कोणतंही मूल दुसऱ्यांदा लिहायला बसत नाही आणि लेखन शिकायचं असतं ते या दुसऱ्या खर्ड्यातच.

आपल्या घरात आणखी एक सोय आहे आणि ती कुठल्याच संचात मिळत नाही. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना मुलाने आज वाचलेलं मराठीत सांगावं. शार्लट मेसन यांच्या शिक्षणपद्धतीत वाचलेलं आपल्या शब्दांत सांगण्याला मोठं स्थान आहे. तोंडी सांगणं आधी, लेखी नंतर. आजीला एरिस माहीत नसतो, त्यामुळे ती ‘मग पुढे काय झालं? पण का?’ विचारतेच आणि मुलाला क्रम लावावा लागतो, कारण द्यावं लागतं. मराठीत लागलेला हा क्रम इंग्रजी लिहिताना वाया जात नाही.

तेव्हा या वर्षी मागणी नोंदवण्याआधी मुलाची तीन-चार पानं समोर घ्या आणि अडचण एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य लिहिता आलं नाही, तर खरेदी पुढे ढकला. लिहिता आलं, तर त्या एका अडचणीसाठी एकच पुस्तक घ्या आणि सप्टेंबरचं पान जपून ठेवा. मे महिन्यात दोन्ही पानं शेजारी ठेवा. लिहिलेली अडचण तशीच दिसली तर अर्ध्यावरसुद्धा पुस्तक बदला. पुस्तक पुरं करण्याची जबाबदारी आपल्यावर नाही, मुलाला लिहितं करण्याची आहे.