पाच हजार पौंडांचे सभागृह

निवडून आलेले सभागृह नेमलेल्या सभागृहापेक्षा लोकांना जवळचे असते, असे आपण सहज धरून चालतो. एकोणिसाव्या शतकातील ऑस्ट्रेलियात मात्र घडले ते नेमके उलटे. स्वशासन मिळताच न्यू साउथ वेल्सने आपल्या विधान परिषदेचे सदस्य नेमायचे ठरवले, तर शेजारच्या व्हिक्टोरियाने ते निवडायचे. पण १८५६ साली व्हिक्टोरियाच्या परिषदेत निवडून यायचे, तर उमेदवार किमान ३० वर्षांचा हवा आणि त्याच्या नावावर ५,००० पौंडांची किंवा वर्षाला ५०० पौंड उत्पन्नाची जमीन हवी. मतदारालाही १,००० पौंडांच्या मालमत्तेची अट होती. ती नसेल तर तो पदवीधर, वकील, डॉक्टर किंवा धर्मोपदेशक असावा लागे. सदस्यत्व दहा वर्षांचे आणि बिनपगारी होते. सोन्याच्या खाणींवर आलेल्या हजारो माणसांपैकी इतका काळ स्वतःच्या खर्चाने मेलबर्नला कोण बसू शकणार होता? शिवाय गव्हर्नरला विधानसभा बरखास्त करता येई, परिषद नाही.

म्हणजे परिषदेचा खरा अधिकार तिच्या सदस्यत्वाच्या अटींतच दडलेला होता. मेंढ्यांच्या कुरणांसाठी सरकारी जमिनीवर पसरलेले मोठे पशुपालक आणि त्यांचे स्नेही इथे बसले होते. १८६० मध्ये सामान्य माणसाला शेतजमीन मिळवून देणारे विधेयक आले, तेव्हा त्यातला जीवच त्यांनी काढून घेतला आणि ऑगस्टमध्ये संतप्त जमाव संसद भवनावर चालून गेला. न्यू साउथ वेल्समध्येही जमिनीचाच तंटा होता, परिषदही तशीच अडून बसली होती. पण तिथे १८६१ च्या मे महिन्यात पंतप्रधान चार्ल्स काउपर यांनी गव्हर्नरकडून २१ नवे सदस्य नेमून घेतले. सभापती बर्टन आणि त्यांचे सहकारी निषेध म्हणून निघून गेले, परंतु त्याच वर्षी जॉन रॉबर्टसन यांचे जमीन कायदे मंजूर झाले. नेमलेल्या सभागृहात भर घालता आली. निवडलेल्या सभागृहात ती सोयच नव्हती, आणि ‘आम्हालाही लोकांनीच निवडले आहे’ हे उत्तर त्याच्यापाशी सदैव तयार होते.

यावर म्हटले जाते की, सोन्यामुळे एकाएकी फुगलेल्या वसाहतीत उतावळ्या बहुमताला लगाम हवाच होता. लगामाची गरज मलाही मान्य आहे. व्हिक्टोरियाचे पंतप्रधान ग्रॅहॅम बेरी यांच्या सरकारनेही विधानसभा सदस्यांच्या मानधनाची तरतूद मुद्दाम वार्षिक खर्चाच्या विधेयकात घातली होती. परिषदेने ते विधेयक अडवले आणि ८ जानेवारी १८७८ रोजी बेरींनी न्यायाधीशांसह असंख्य सरकारी नोकरांना एका दिवसात घरी पाठवले; तो सूड समर्थनीय नव्हता. परिषदेने १८७२ चा मोफत, धर्मनिरपेक्ष शिक्षणाचा कायदा संमत केला, हेही तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण मानधनाचा हा वाद पैशांपुरता नव्हता. मानधन मिळाले तर गरीब माणूस विधानसभेत टिकेल, आणि नेमके तेच परिषदेला नको होते. लगाम कायम एकाच वर्गाच्या हाती असेल, तर तो घाईला नव्हे, दुसऱ्या वर्गाला आवरतो. १८८१ च्या सुधारणेने अटी खूप सैल झाल्या, तरी मालमत्तेचा उंबरठा राहिलाच.

आपल्या विधान परिषदेवरही वाद होतात, ती ठेवावी की मोडावी असे विचारले जाते. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: तिथे कोण पोचू शकतो, आणि कोणाच्या मतांवर? आपल्या राज्यघटनेने मालमत्तेची अट ठेवली नाही, हा फार मोठा फरक आहे. तरीही पदवीधरांना वेगळे प्रतिनिधी देताना पदवी नसलेल्यांना तो हक्क का नाही, याचे उत्तर द्यावेच लागेल.

व्हिक्टोरियात मालमत्तेच्या अटींची सर्वांत मोठी किंमत स्त्रियांनी मोजली. न्यूझीलंडच्या नेमलेल्या परिषदेने १८९३ मध्ये स्त्रियांचा मताधिकार २० विरुद्ध १८ मतांनी का होईना, मान्य केला. व्हिक्टोरियाची निवडलेली परिषद मात्र तशी विधेयके पुनःपुन्हा फेटाळत राहिली. तिथल्या स्त्रियांनी १९०३ मध्ये ऑस्ट्रेलियन संघराज्याच्या संसदेसाठी मतदान केले, पण स्वतःच्या राज्यात मत देण्याचा हक्क त्यांना १९०८ पर्यंत मिळाला नव्हता.