संगणक-कट्टा : ओटा आणि कोठी



ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला आणि शॉमबर्गच्या आमच्या बेसमेंटमध्ये सभासदांच्या जुन्या लॅपटॉपची रांग लागली. त्यांवर लिनक्स घालून ते भारतातून आलेल्या आजी-आजोबांना द्यायचे, असे ठरले. इन्स्टॉलरने विचारले, स्वॅपसाठी जागा ठेवायची का? आम्ही ऐटीत ‘नको’ म्हटले. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट अशा वेळी उपयोगी पडत नाही!

पंधरवड्यातच फोन आला. एक आजोबा आपल्या दिवंगत पत्नीवर संक्रांत अंकासाठी लेख लिहीत होते. लिहिता लिहिता खिडकी मिटली, दोन पाने गेली.

झाले काय? रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, डिस्क म्हणजे कोठी. पुरणपोळीच्या दिवशी ओटा भरला की लगेच न लागणारे डबे आपण कोठीत सरकवतो. ती सोय म्हणजे स्वॅप. आम्ही कोठीलाच कुलूप लावले होते. मग जागा करायला लिनक्स चालू असलेला एखादा प्रोग्रॅम सरळ बंद करते.

कोठीचेही प्रकार आहेत. पूर्वी डिस्कचा वेगळा भाग राखून ठेवत. उबुंटूने २०१७ पासून नव्या मांडणीत साधी फाइल पसंत केली, तिचा आकार मागाहून बदलता येतो. फेडोराने २०२० मध्ये झेडरॅम आणले : डबे ओट्यावरच, पण भारतवारीच्या बॅगेसारखे दाबून भरलेले. हे वेगवान खरे, पण वीज गेली की सारे रिकामे. काम जसेच्या तसे ठेवून यंत्र पूर्ण बंद करायचे, म्हणजे हायबरनेट करायचे, तर डिस्कवर साधारण रॅमइतकी जागा हवीच.

आता चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर आम्ही चार जीबीची स्वॅप फाइल ठेवतो. यंत्र जरा रेंगाळते, पण सावध व्हायला वेळ मिळतो. मात्र बफर द्रावणाचीही क्षमता संपतेच, तशी हीसुद्धा. तेव्हा नको त्या खिडक्या मिटा आणि लेख वरचेवर सेव्ह करा.

इन्स्टॉलरमध्ये एकदा ठरले ते वापरणारा सहसा बदलत नाही. म्हणून जबाबदारी ठरवणाऱ्याची, म्हणजे आमची. आजोबांनी ती पाने पुन्हा लिहिली. म्हणाले, “पहिल्यासारखी नाही उतरली.” यावर आम्हाला काही बोलता आले नाही.

तुमच्याकडे जुना लॅपटॉप असेल तर जरूर आणा.