पऱ्हाटीला भाव आला, पण चुलीचे काय?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२३ च्या सुधारित धोरणानुसार कोळशावरच्या वीज केंद्रांनी २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के बायोमास पेलेट कोळशात मिसळून जाळायचे, असे ठरले होते. पेलेट म्हणजे पिकांचे अवशेष दळून, दाबून केलेल्या कांड्या. या धोरणाची चर्चा होते ती पंजाबातला पेंढा आणि दिल्लीतला धूर यांच्या निमित्ताने. विदर्भात मात्र अवशेष म्हणजे पऱ्हाटी आणि तुराटी. त्या आजवर कुणाच्या चुलीत जळत आल्या, हे कुणी विचारत नाही.

आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो, तिथे कापूस संपला की बाया शेत साफ करायला जातात. पऱ्हाटी उपटायची आणि मोळ्या बांधून घरी न्यायच्या. बऱ्याच ठिकाणी मजुरी कमी किंवा नाहीच. सरपण हाच मोबदला. या व्यवहाराचा कागद कुठेच नसतो. उद्या ‘पांढऱ्या कोळशा’च्या कारखान्याची गाडी बांधावर आली, की शेतकरी पऱ्हाटी विकणार. त्यात त्याचे काही चूक नाही. शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी गुलाबी बोंडअळीला आसरा देते, ती लवकर काढा असे कृषी विभागही सांगतो. हेक्टरी दोन-तीन टन काडी निघते. ती बांधावर पेटवण्यापेक्षा विकली तर दोन पैसे मिळतात.

पण पैसे सातबारावाल्याला मिळतील. आपल्या समाजातले कितीतरी लोक आजही भूमिहीन आहेत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये जमिनीसाठी सत्याग्रह केले, तो प्रश्न इथे सरपणाच्या रूपात पुन्हा समोर येतो.

‘उज्ज्वला’ आहे ना, असे कुणी म्हणेल. सिलिंडरवर ३०० रुपये सबसिडी आहे, हे खरे. पण रिफिलचे पूर्ण पैसे आधी मोजावे लागतात, सबसिडी नंतर खात्यात येते. रोजमजुरीच्या घरात म्हणून सिलिंडर पाहुण्यांसाठी आणि पावसाळ्यासाठी राखून ठेवतात. चुलीच्या धुराचे गोडवे आम्ही गात नाही. आमच्या आया त्याच धुरात खोकल्या. धूर जावाच, पण गॅस परवडण्याआधी सरपण जाऊ नये, एवढेच.

कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचाराव्यात. काडी गोळा करण्याचा करार कुणाशी झाला आणि त्यात मजुरी किती ठरली? बचत गटातल्या भूमिहीन बायांना संकलनाचे काम वजनावर मिळेल का? शेतकरी उत्पादक कंपनीत बहुधा सातबारा मागतात, म्हणून हा प्रश्न वेगळाच विचारावा लागेल. आणि गायरानावरचे बाभूळ, रायमुनिया कुणाला तोडायला दिले जाणार आहे? उत्तर तोंडी नको, ठरावाच्या वहीत नोंदवून घ्यावे. कापसाचा हंगाम संपण्याआधी हे झाले तरच उपयोग, कारण गाड्या जानेवारी-फेब्रुवारीतच येतात.