‘इथे सही करा’ म्हटल्यावर: आघात सोसलेला रुग्ण आणि मानसोपचाराचं संशोधन

संत तुकाराम नगर मेट्रो स्टेशनवर उतरलं की जवळच महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे, आणि त्याच भागात डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय. भोसरी, चाकण, तळवडे इथल्या कामगारांना हा रस्ता चांगला ठाऊक आहे. डिसेंबर 2023 मध्ये तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि कितीतरी कष्टकरी बायका त्यात गेल्या. अशा दुर्घटनेतून जो वाचतो त्याच्या जखमा भरतात. पण डोळा लागला की तोच धूर पुन्हा दिसतो, त्याचं काय? हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा विचारला जातो.

विचारला जातो तेव्हा पुष्कळदा तो संशोधनाच्या निमित्ताने. जिथे एमडीचं शिक्षण असतं तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध करावा लागतो, म्हणून रुग्णासमोर संमतीपत्र येणं ही काही नवलाची गोष्ट नाही. समजा, पॉवर प्रेसखाली बोटं गेलेला एक तरुण ओपीडीत बसलाय. डॉक्टर म्हणतात, समुपदेशनाचा एक अभ्यास आहे, भाग घ्याल का? तो हो म्हणतो. त्याला वाटतं, डॉक्टरांनी आपल्यासाठी खास इलाज काढलाय. इथेच पहिली गफलत होते. इलाज त्याच्यासाठी असतो, अभ्यास पुढच्या रुग्णांसाठी. कोणाला नवी थेरपी आणि कोणाला नेहमीचा उपचार, हे डॉक्टर ठरवत नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. काही अभ्यासांत दुसऱ्या गटाला नुसतं थांबायला सांगतात. ज्याच्या आयुष्यात आधीच एक गोष्ट हाताबाहेर गेली, त्याला ही चिठ्ठी पुन्हा नशिबासारखीच वाटते. ‘माझ्यावरच का?’ हा प्रश्न त्याच्याकडे आधीपासून असतोच.

मग प्रश्नावल्या. एक बरीच वापरली जाणारी प्रश्नावली 20 प्रश्नांची आहे, आणि तीच सुरुवातीला, मध्ये, शेवटी, पुन्हा काही महिन्यांनी भरून घेतात. तेच स्वप्न, तीच भीती, 0 ते 4 आकड्यांत. असं उकरून काढल्याने रुग्ण खचेल अशी भीती अनेकांना वाटते, आम्हालाही वाटायची. पण जगभरच्या पाहण्यांत बहुतेक सहभागी म्हणतात की त्रास झाला, तरी भाग घेतल्याचा पश्चात्ताप नाही. कोणीतरी पहिल्यांदा पूर्ण ऐकून घेतलं, आपल्या दुःखाचा दुसऱ्याला उपयोग होईल, हे त्यांना मोलाचं वाटतं. थोडे जण मात्र जास्त हलतात, आणि अर्ध्यातून सोडणारेही कमी नसतात. त्यातले काही ‘मीच कमी पडलो’ म्हणून सोडतात, काहींचा रोजचा खाडा परवडत नाही. हजेरी बुडवून दर आठवड्याला पिंपरीला येणं ठेकेदाराच्या माणसाला सोपं नाही. भाडं आणि बुडालेली मजुरी भरून देता येते, असं आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. रुग्णाने ते मागायला लाजू नये.

जवळचं चांगलं उदाहरण गोव्यातलं आहे. ते आघाताचं नाही, नैराश्याचं आहे, पण शिकण्यासारखं. ‘संगथ’ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 495 रुग्णांवर एक चाचणी केली. बोलणारे समुपदेशक मोठे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ बैठका, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातले 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले 39 टक्के. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. आपली भाषा बोलणारा माणूस घरी येऊन बसतो, यात काय फरक पडतो ते घरात दखनी बोलणाऱ्या आपल्या खाला-अम्मींना वेगळं सांगायला नको.

आणि वाईट उदाहरणही आहे. कॅनडात व्हँकुव्हरच्या एका केंद्रावर एमडीएमए हे औषध देऊन आघाताची थेरपी चालली होती. तिथे थेरपिस्टनी एका सहभागी महिलेशी मर्यादा ओलांडून वर्तन केलं. पुढे काही सहभागींनी असंही सांगितलं की आपला वाईट अनुभव नोंदलाच गेला नाही, चांगलंच बोलावं असा दबाव वाटत होता. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या उपचाराला मंजुरी नाकारली, आणि त्याच महिन्यात एका नियतकालिकाने तीन शोधनिबंध मागे घेतले. म्हणजे रुग्ण खूश दिसतो म्हणून अभ्यास चांगला, असं धरून चालत नाही.

आपल्याकडे कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 99. नुसती मुलाखत घ्यायची असली तरी संमती लागते, आणि दिलेली संमती कधीही मागे घेता येते. बाईची संमती बाईनेच द्यायची, शोहर किंवा भाऊ ‘हो’ म्हणाला म्हणून भागत नाही. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर कागद वाचून दाखवायचा, मगच अंगठा. कागदपत्रांची धास्ती आपल्या वस्त्यांत आहे, त्यामुळे काही जण सहीला घाबरून निघून जातात, तर काही घाबरूनच सही करतात. दोन्हींत रुग्णाचं नुकसान. नाही म्हटलं तरी नेहमीचा उपचार थांबवता येत नाही, हे वाक्य संमतीपत्रात असतं. ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. आघाताची जी व्याख्या अशा अभ्यासांत चालते तीत मृत्यूची भीती, गंभीर दुखापत, लैंगिक हिंसा एवढंच येतं. फेब्रुवारी 2025 मध्ये कुदळवाडीत ज्यांची भंगार गोदामं, दुकानं पाडली गेली, ते त्यात बसत नाहीत. त्यांची झोप उडाली असेल तरी नाही. त्यांच्यासाठी टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर आहे, तो लागू शकतो.

अभ्यास संपला की शेवटची प्रश्नावली भरून माणूस घरी जातो. पुढे निकाल काय लागला, त्याच्या त्या आकड्यांतून काय निघालं, हे कळवायला त्याला बहुधा कोणी फोन करत नाही. संमतीपत्राच्या तळाशी एथिक्स कमिटीचा नंबर असतो. तो फाडून खिशात ठेवावा, आणि सहा महिन्यांनी आपणच लावावा.