ओली भुई आणि चकचकीत लेप

माढ्यासारख्या कोरड्या गांवीं बसून कोंकणांतील ओलीविषयीं लिहावें, याचें वाचकांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. आमच्याकडे पावसाळ्यांतही आकाशाकडे डोळे लावून बसावें लागतें. वर्षाचा पाऊस वीस-पंचवीस इंचांच्या आंतबाहेरच. परंतु नातीगोतीं पर्जन्यमान पाहून जुळत नसतात. आमचे थोरले बंधु नोकरींतून निवृत्त झाल्यावर रत्नागिरीस स्थायिक झाले. वहिनींचें माहेर तिकडचें, आणि समुद्राचा वारा दोघांनाही मानवतो. तेथें पाऊस शंभर इंचांहून कितीतरी अधिक. त्यांच्या घरीं गेल्या वर्षीं जें घडलें, त्यावरून प्रस्तुतचा लेख लिहिण्याचें आम्हीं मनांत आणलें.

दादांनीं घराच्या कडेस मोटार ठेवण्यासाठीं एक प्रशस्त खोली बांधली आहे. गणपतीच्या दिवसांत मोटार बाहेर अंगणांत उभी राहते आणि पंगत त्या खोलींत बसते. खालीं साधा सिमेंटचा कोबा होता. पुण्याच्या चिरंजीवांनीं कोठेंसें पाहून सुचविलें कीं, यावर एपॉक्सीचा लेप द्यावा. जमीन आरशासारखी होते, तेलाचा डाग धरीत नाहीं, धूळ उडत नाहीं. दादांस तें पटलें. श्रावणाच्या अखेरीस दोन दिवस उघाड मिळाली, त्या संधींत कारागिरानें काम उरकलें, आणि गणेशचतुर्थीस आलेल्या प्रत्येकानें त्या राखी तकतकीत जमिनीची तारीफ केली. चौथ्या-पांचव्या दिवशीं तिच्यावर रुपयाएवढे फुगे दिसूं लागले. गौरीच्या जेवणाच्या दिवशीं वहिनी ओल्या पायांनीं पाण्याची कळशी घेऊन आंत आल्या, पाय सरकला, आणि उजव्या हाताचें मनगट मोडलें.

मनगट सहा आठवड्यांनीं बरें होतें. घरांत पडलेली तेढ तशी होत नाहीं. चिरंजीव म्हणूं लागले, कारागिरानें फसविलें. दादांनीं त्याची राहिलेली अर्धी मजुरी अडवून धरली. वहिनी म्हणत, आम्हांस पूर्वींची भुई काय वाईट होती? आम्ही दसऱ्याच्या आधीं कुर्डुवाडीहून मिरजेच्या गाडीनें निघालों, पुढें कोल्हापुरावरून आंबा घाट उतरून रत्नागिरीस पोहोंचलों, तेव्हां खोलीच्या दारास कुलूप होतें आणि तिच्याविषयीं कोणीं बोलूं नये असा घरांत अलिखित नियम झाला होता.

आतां हा लेप म्हणजे काय, तें प्रथम सांगितलें पाहिजे. एपॉक्सी हा रंग नव्हे. रंग वाळतो, एपॉक्सी शिजतो, असें म्हटलें तरी चालेल. त्याचे दोन भाग असतात : एक राळ आणि दुसरा तिला घट्ट करणारा पदार्थ, जो बहुधा अमाइन जातीचा असतो. दोन्ही ठरलेल्या प्रमाणांत मिसळले म्हणजे त्यांचा रासायनिक संयोग होऊन उष्णता निघते आणि कांहीं तासांत मिश्रण दगडासारखें कठीण होतें. स्वित्झर्लंडांतील पिएर कास्तां या रसायनज्ञानें दातांच्या कवळ्यांच्या उपयोगासाठीं अशा राळेचा शोध चालविला होता आणि १९३८ च्या सुमारास त्याचें पेटंट घेतलें. अमेरिकेंत सिल्व्हन ग्रीनली यानें लेपांच्या दृष्टीनें तशीच खटपट केली. सीबा या स्विस कारखान्यानें १९४६ सालीं याच जातीचा डिंक अॅरल्डाइट या नांवानें विक्रीस काढला. फुटलेली कपबशी सांधण्यासाठीं आपण ज्या दोन नळ्या पिळून एकत्र कालवतों, त्याच कुळांतील ही जमीन.

मग इतका चिवट पदार्थ उखडतो कसा? याचीं कारणें दोन : एक खालून येतें आणि दुसरें वरून.

खालचें कारण असें. सिमेंटचा कोबा वरून कितीही घट्ट दिसला, तरी त्यांत केसाहूनही सूक्ष्म अशा नळ्यांचें जाळें असतें. दिव्याच्या वातींत तेल चढतें तसें जमिनींतील पाणी त्यांतून वर चढतें आणि पृष्ठभागावर येऊन वाफेच्या रूपानें हवेंत जातें. उघड्या कोब्यावर हें आपणांस कळतही नाहीं. फार तर चटई उचलल्यावर खालीं ओलसर डाग दिसतो, किंवा पांढऱ्या क्षारांची भुकटी फुलते. परंतु त्यावर ज्यांतून वाफ सहसा जात नाहीं असा लेप बसविला, म्हणजे वाट अडते. ओल लेपाखालीं सांचते, सिमेंटमधील क्षार तींत विरघळतात, आणि तें खारट पाणी आणखी पाणी ओढून घेऊन लेपास वर रेटूं लागतें. हेच ते फुगे. एक फोडून पाहिला तर आंत बहुधा पाणीच निघतें.

वरचें कारण हवेंतील दमटपणाचें. पावसाळ्याच्या आरंभीं कोंकणांत फरशीला घाम सुटतो, हें तेथील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. जमीन हवेहून थंड असली आणि हवा बाष्पानें भरलेली असली, म्हणजे त्या बाष्पाचें दंव जमिनीवर बसतें. ज्या उष्णतामानास असें दंव धरूं लागतें त्यास दवबिंदु म्हणतात. लेप देतांना जमिनीचें उष्णतामान दवबिंदूहून निदान ३ अंश सेल्सियस अधिक असावें आणि हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा ८५ च्या वर नसावी, असा या धंद्यांतील सर्वमान्य नियम आहे. हवा २८ अंश व आर्द्रता शेंकडा ९० असेल, तर दवबिंदु २६ अंशांच्या जवळपास येतो. म्हणजे जमीन २९ अंशांची हवी. सांवलींतील जमीन भोंवतालच्या हवेहून गरम कोठून असणार? श्रावणांतील कोंकणांत हा नियम सहसा पाळतांच येत नाहीं. उलट आमच्या माढ्यास वैशाखांत हवा ४० अंश व आर्द्रता शेंकडा २० असतांना दवबिंदु तेरा अंशांच्या आसपास राहतो. तेथें दंवाची भीति नाहीं; मात्र बादलींतील मिश्रण उन्हाळ्यानें इतक्या लवकर घट्ट होतें कीं, हात चालेपर्यंत तें दगड बनतें. म्हणून तेथें सकाळच्या गारव्यांत थोडें थोडें कालवावें.

दमट हवेचा आणखी एक उपद्रव आहे. लेप घट्ट होण्यापूर्वीं त्यांतील अमाइन हवेंतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड यांच्याशीं संयोग पावून पृष्ठभागावर तुपकट, पांढुरकी साय धरतें. ती कोमट पाण्यानें धुऊन, पुसून, वाळवून मग दुसरा हात द्यावा लागतो. सायीवरच दुसरा हात दिला, तर तो पोपड्यासारखा सुटून येतो.

आम्ही दादांस म्हटलें, "झालें तें झालें, पण दोष कोणाचा हें तरी पाहूं." खोलीच्या कोपऱ्यांत जेथें लेप नव्हता, तेथें हातभर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनीं चिकटपट्टीनें घट्ट बसविला. ही परीक्षा सोपी आहे : अठरा इंच चौरस तुकडा लावून निदान सोळा तास ठेवावा, आणि खालीं थेंब जमले किंवा कोबा काळवंडला तर ओल आहे असें समजावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघे कुलूप काढून आंत गेलों. प्लास्टिकच्या आंतल्या बाजूस मोत्यांसारखे थेंब धरले होते. दादा बराच वेळ वांकून पाहत राहिले. मग उठले आणि म्हणाले, "त्यानें मला सांगितलें होतें रे. 'काका, पाऊस सरूं दे, मार्गशीर्षांत लावूं, आतां धरणार नाहीं,' असें दोनदां सांगितलें. मींच म्हटलें कीं, गणपतीला जमीन झाली पाहिजे, तुला जमत नसेल तर दुसरा बघतों."

हें त्यांनीं महिनाभर कोणास सांगितलें नव्हतें. वहिनींच्या हातास पाटा बांधलेला रोज डोळ्यांसमोर असतां तें सांगणें सोपेंही नव्हतें.

कारागीर सर्वस्वीं निर्दोष होता असें आमचें म्हणणें नाहीं. आपणांस पटत नसलेलें काम त्यानें पोटासाठीं पत्करलें. कोबा यंत्रानें घासून वरची भुसभुशीत साय काढावयाची, ती त्यानें नुसती आम्लानें धुतली. पृष्ठभाग खरखरीत करण्यासाठीं ओल्या लेपावर बारीक गारेची वाळू पेरतात, तीही पेरली नाहीं. कारण दादांस आरसा हवा होता. ओल्या पायाखालीं आरशाचें काय होतें, तें वहिनींस कळलें. परंतु ज्यानें खरें सांगितलें त्याचीच मजुरी अडवावी, हें आमच्या दादांच्या स्वभावास शोभणारें नव्हतें, आणि तें त्यांचें त्यांनाच अधिक डांचत होतें.

आतां वाचकांच्या उपयोगाचें. ज्यांस किनाऱ्यालगत नवें घर बांधावयाचें आहे, त्यांनीं लेपाचा विचार पाया भरतांनाच करावा. दगडांची सोलिंग व त्यावर वाळू झाल्यानंतर २५० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद सांधे एकमेकांवर चढवून अंथरावा आणि मग काँक्रीट ओतावें. हा कागद स्वस्त आहे. मागाहून तो घालण्याची सोय नाहीं. काँक्रीट निदान २८ दिवस पुरतें होऊं द्यावें. लेपाचें काम पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर, मार्गशीर्ष ते माघ या महिन्यांत, दुपारच्या वेळीं करावें.

जुन्या कोब्याखालीं असा कागद नसेल तर उन्हाळ्यांतील परीक्षेवर विश्वासूं नये. मे महिन्यांत कोरडा दिसणारा कोबा आषाढांत पाझरतो. परीक्षा भर पावसाळ्यांत करावी आणि काम हिवाळ्यांत. ओल निघाली तर ओल सोसणारा खास अस्तराचा लेप अगोदर द्यावा लागतो, आणि त्याचा खर्च पुष्कळ वाढतो. तो झेपत नसल्यास लेपाचा नादच सोडावा. शहाबादी फरशी किंवा नुसता कोबा तेलाचे डाग धरतो खरा, पण तो खालची वाफ जाऊं देतो. शेणानें सारवलेली भुईही तशीच श्वास घेणारी होती. आपल्या आज्या तिच्यावर दर आठवड्यास हात फिरवीत, त्यांतील एक सोय ही होती. लेप दिलाच, तर दाराजवळ जेथें ऊन पडतें तेथें तो कालांतरानें पिवळा पडतो, आणि तापलेलें टायर कच्चा बसलेला लेप उचलून नेतें, हेंही ध्यानांत असावें. काम चालतां हातमोजे घालावे, दारें-खिडक्या उघड्या ठेवाव्या आणि मुलांस दूर ठेवावें. यांतील द्रव्यें कातडीस लागून कायमची खाज जडल्याचीं उदाहरणें आहेत.

आमच्या माढ्याकडील वाचकांनीं मात्र, आपण समुद्रापासून दूर आहों म्हणून निश्चिंत राहूं नये. आपला शत्रु हवेंत नसून काळ्या मातींत आहे. ही माती पाण्यानें फुगते व उन्हानें आकसते, आणि तिच्यावरची जमीन तडकते. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झाल्यापासून तालुक्यांत पुष्कळ ठिकाणीं घराशेजारीं बारमाही पाण्याचा ऊस उभा असतो, तेथें तर अधिकच जपावें. एपॉक्सीचा लेप मिलिमीटरहूनही पातळ. खालचा कोबा तडकला कीं तोही त्याच रेषेंत फाटतो. यास्तव काळी माती खणून काढून मुरूम भरावा, तो पाणी मारून चोपावा, आणि मगच वरच्या शोभेचें बोलावें. शहाबाद आपल्याच रेल्वेमार्गावर सोलापूरच्या पलीकडे आहे; तेथली फरशी आपल्या वाडवडिलांनीं उगीच पसंत केली नव्हती.

रत्नागिरीहून आम्ही निघालों त्या दिवशीं सकाळीं दादा पायींच त्या कारागिराच्या घरीं गेले आणि राहिलेली मजुरी देऊन आले. काय बोलणें झालें तें त्यांनीं सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारलें नाहीं. परवां वहिनींचा फोन आला. तोच माणूस पौषांत येऊन लेप घासून काढून गेला; खालचा जुना कोबा आहे तसाच ठेवला आहे. यंदा पंगत त्यावरच बसेल. हात आतां बरा आहे, पण पीठ मळतांना थोडा दुखतो, असें त्या म्हणाल्या; आणि दादा हल्लीं न सांगतां परात पुढें ओढून घेतात, असेंही म्हणाल्या.