कसली ओरिजिनल घेऊन बसलात!

आमच्या मोटारीच्या दाराला बाहेरून मूठ नाही. आत हात घालून एक दोरी ओढावी लागते, तेव्हा कुठे दार उघडते. नवा माणूस गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो, मग दुसरी घालतो आणि शेवटी हळूच विचारतो, "याचं हँडल कुणी चोरलं का हो?" चोरलेले नाही. इंग्रजाने ती तशीच बनवली. खिडक्यांना काचाही त्यानेच दिल्या नाहीत. पाऊस आला तर बाजूचे पडदे लावून घ्यावेत, अशी त्याची कल्पना. त्या बिचाऱ्याने महाडचा पाऊस पाहिला नव्हता.

गाडी एम. जी. ए., साल १९५७, गाव इंग्लंडातले ॲबिंग्डन. आमच्या मामांनी ती मायदेशी परतणाऱ्या आपल्या साहेबाकडून घेतली आणि मामी वैतागल्यावर ती माझ्याकडे आली. दोन माणसांची सोय. तिसरा असला तर त्याने एस. टी. ने यावे. हिला स्पोर्ट्स कार म्हणतात. त्यातला स्पोर्ट म्हणजे काय, हे गेली चाळीसएक वर्षे मी अनुभवतो आहे. तिचा पेट्रोलपंप विजेवर चालतो आणि चालू असला की टिकटिक करतो. टिकटिक थांबली की गाडी थांबते. मग गाडीच्या मागच्या अंगाला खाली हात घालून त्या पंपाला एक थाप द्यायची. आमची ही त्यासाठी सीटमागे धुण्याची मोगरी ठेवते. दिव्यांचे तर बोलूच नका. ज्या लुकास कंपनीने हे दिवे बनवले तिला खुद्द इंग्रज थट्टेने 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत. कशेडीचा बोगदा व्हायच्या आधी, एका अमावास्येला घाटातल्या वळणावर दोन्ही दिवे एकदम गेले, तेव्हा त्या राजपुत्राची आणि माझी पुरती ओळख झाली.

पण मला आज मोटारीवर नाही, एका जमातीवर बोलायचे आहे. त्यांना मी 'ओरिजिनलवाले' म्हणतो.

मागच्या हिवाळ्यात मुंबईचे एक गृहस्थ महाबळेश्वरला जाता जाता मुद्दाम आमच्याकडे वाकडी वाट करून आले. जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत ज्यांच्या गाडीला फिती मिळतात त्यांपैकी. आल्या आल्या त्यांनी खिशातून बारकी बॅटरी काढली आणि बॉनेटमध्ये डोके घातले. घशाच्या डॉक्टरने 'आ करा' म्हणावे तसा तो प्रकार.

"ही नळी ओरिजिनल नाही."

"नाही. अलीकडे पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल येतं. जुनी रबरं त्यानं फुगतात, म्हणून मिस्त्रींनी बदलली."

"हे गॅस्केट कुठलं?"

"ॲम्बॅसॅडरचं."

गृहस्थांनी बॅटरी विझवली. मेलेल्या माणसाच्या घरी विझवतात तशी विझवली. मग त्यांनी पायाखाली पाहिले आणि त्यांना फणसाच्या फळ्या दिसल्या. त्या फळ्यांविषयी पुढे सांगतो. तूर्त एवढेच, की त्यांच्या तोंडून 'अरेरे' हा शब्द निघाला आणि त्यात इतके खरे दुःख होते की हिने आतून पाणी आणले.

चहा पिता पिता त्यांनी मला कायदा समजावून सांगितला. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज'. तिला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर. वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी. अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली हवी आणि तिची चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि हा मान एकदा घेतला की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला न्या आणि दुरुस्तीला न्या.

आता मला सांगा, पेट्रोल आणि दुरुस्ती सोडून माझी मोटार जन्मात दुसरीकडे गेली आहे कुठे? त्या नियमाइतके माझ्या संसाराचे अचूक वर्णन आजवर कुणी केलेले नाही. तरी मी तो नंबर घेतलेला नाही, घेणारही नाही. गाडीचा जुना नंबर आहे, तो पुरे. चालती मोटार घ्यायची, तिला नंबर म्हणून बिरुद लावायचे आणि मग म्हणायचे, आता चालू नकोस! आमच्याकडे असा मान फक्त कैलासवासी झाल्यावर मिळतो.

आणि 'मूळ रूप' म्हणजे काय हो? हे ओरिजिनलवाले ज्या ॲबिंग्डनच्या दिशेने तोंड करून नमस्कार करतात तिथे काय चालले होते ते तरी बघा. एम. जी. ए. चे इंजिन ऑस्टिनवाल्यांनी आखलेले. तेच इंजिन घरगुती ऑस्टिनमध्ये आणि मॉरिसमध्येही. गिअरबॉक्स आणि मागचा आस त्याच कुटुंबातले. वीज लुकासची, कार्बोरेटर एस. यू. चे. पुढचे सस्पेन्शन स्वतःच्याच आधीच्या मॉडेलचे. थोडक्यात, ॲबिंग्डनच्या लोकांनी चार घरचे मागून आणून उत्तम भेळ केली. भेळेत मूळ काय ते शोधत बसू नये, खावी.

आणि त्या मॉरिसचीच आपल्याकडे ॲम्बॅसॅडर झाली. तिच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचे माप १४८९ सी. सी. माझ्या साहेबजाद्या मोटारीचे मापही १४८९ सी. सी. म्हणजे जिला मुंबईचे गृहस्थ राजकन्या समजतात तिचा सख्खा चुलतभाऊ पन्नास वर्षे स्टेशनवर टॅक्सी चालवत होता! हे नाते पहिल्यांदा ओळखले ते पोलादपूरच्या मिस्त्रींनी. त्यांनी इंग्लंड पाहिले नाही की कसला कॅटलॉग पाहिला नाही. बेअरिंगची शेल हातात धरली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, ही तर आपलीच."

पोलादपुरात मिस्त्री का चांगला असतो, हेही सांगतो. आंबेनळी घाट चढताना ज्यांचे पाणी उकळते ते माघारी पोलादपुरात येतात आणि उतरताना ज्यांचे ब्रेक तापतात तेही पोलादपुरातच येऊन थांबतात, थांबता आले तर. पन्नास वर्षे घाट मोटारी मोडतो आहे आणि मिस्त्री शिकताहेत. ज्याच्या दारी निसर्गानेच रोगी आणून टाकले त्याला वेगळे कॉलेज कशाला?

आता फणसाच्या फळ्या.

१५ जुलैला सरकारने आपला नियम काढला, तर बरोबर आठव्या दिवशी, २२ जुलै २०२१ ला, सावित्रीने आपला काढला. त्या पुराविषयी विनोदाने लिहावे असे फारसे काही नाही. त्याच दिवशी आमच्याच तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्यामुळे मोटार बुडाली हे मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितलेसुद्धा नाही. आम्ही दोघे माळ्यावर बसलो होतो. खाली, अंधारात, पाणी चढत होते आणि मधूनच काहीतरी भिंतीवर आपटत होते. ते कपाट होते. मोटार आपटत नव्हती, ती जागच्या जागी शांतपणे बुडाली.

पाणी उतरले तेव्हा गावभर गाळ. बाजारपेठेत दुकानदार आपापला माल फावड्याने रस्त्यावर ओढत होते. मोटार मी उघडलीच नाही. पाचव्या का सहाव्या दिवशी मिस्त्री दारात. रस्ता दरडींनी खाल्लेला, आंबेनळी बंद, त्यांच्या स्वतःच्या घराची एक बाजू ओली, आणि हे कुणाच्या तरी टेम्पोत बसून आलेले. हातात डिझेलचा कॅन आणि खांद्याला इंची पान्यांची पिशवी. इंची पाने हल्ली नव्या गॅरेजात मिळत नाहीत. मुले मिलिमीटरची झाली.

"चावी लावली नाहीत ना?" हा पहिला प्रश्न.

"नाही."

"मग वाचली."

प्लग काढले. सिलिंडरमध्ये डिझेल ओतले. ऑइल सोडले, तर खालून आधी सावित्री आली आणि मग ऑइल. हाताने इंजिन इंच इंच फिरवले. तीन वेळा ऑइल भरले, तीन वेळा सोडले. डायनॅमो सोडवून आमच्या चुलीशेजारी ठेवला. आठ दिवस ही त्याला पापडासारखी उलटत होती. या गाडीचा तळ मुळात लाकडी, प्लायवूडचा. तो कुजून लापशी झाला होता. गल्लीतल्या सुताराकडे पाट करायला आणलेल्या फणसाच्या फळ्या होत्या, पुरात तरंगून वर राहिलेल्या. म्हणाला, "पाण्यात तरल्यात त्या. याच लावा." लावल्या. सतराव्या दिवशी इंजिन फुरफुरले, नळीतून चिखलाचा एक गोळा उडाला आणि टिकटिक सुरू झाली. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी बिडी पेटवली.

आमच्या शेजाऱ्यांची नवी गाडी होती. तीन वर्षांची, काचा बटणावर. तीही बुडाली. एक तरुण आला, त्याने फोटो काढले, सीटखाली कुठलासा कॉम्प्युटर असतो त्यात पाणी शिरले म्हणाला आणि गाडी 'टोटल लॉस' लिहून गेला. शेजाऱ्यांनी विचारले, "उघडून तर बघा." तो म्हणाला, "काका, हे उघडत नाहीत, हे बदलतात."

माझा सगळा राग त्या वाक्यावर आहे. आणि गंमत बघा, तो पोरगा आणि मुंबईचे ते गृहस्थ मला एकाच बाकावर बसलेले दिसतात. एक म्हणतो उघडू नका, टाका. दुसरा म्हणतो उघडू नका, जपा. उघडून, पुसून, घासून, शेजारच्या गाडीचे काढून हिला बसवून पुन्हा रस्त्यावर काढणारा माणूस दोघांनाही नको आहे. अहो, आम्ही कोकणातली माणसे. दर वर्षी पावसाआधी घराची शाकारणी करतो. फुटकी कौले काढतो, नवी घालतो. वासे बदलतो. माझ्या आजोबांच्या घरात आजोबांचे एक कौल नसेल. म्हणून ते आजोबांचे घर नाही? मग कुणाचे?

हे सगळे मी त्या गृहस्थांना बोललो. जरा चढ्या आवाजातच बोललो. ते ऐकून घेत होते, माणूस सभ्य. निघताना पायऱ्या उतरायला मात्र त्यांना वेळ लागला. ही म्हणाली, "जपून हो, गुडघे दुखतात का?"

"दुखत नाहीत आता. दोन्ही बदलले, गेल्या वर्षी."

"अगं बाई! ओरिजिनल नाहीत होय?" ही म्हणाली. मी आत निघून गेलो.

पण गाडीत बसता बसता त्यांनीही एक फेडले. म्हणाले, "तुमचं सगळं मान्य. पण मी पुस्तकाप्रमाणे गाडी ठेवतो, पुस्तक उद्याही असेल. तुमचे मिस्त्री उद्या नसले की?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मिस्त्री पंचाहत्तरीचे. मुलगा एम. आय. डी. सी. त पाळीवर जातो, त्याला पाने हातात धरायला वेळ नाही आणि हौसही नाही. गॅरेजच्या पाटीवरची अक्षरे गेली दोन वर्षे पुन्हा रंगवलेली नाहीत. इंची पान्यांतला अर्ध्याचा पाना पुरापासून सापडत नाही, तिथे ते चिमटा वापरतात. हे सगळे मला माहीत होते, मी फक्त ते एकत्र करून पाहिले नव्हते.

दोन दिवसांनी पोलादपूरला गेलो. वाटेत एकदा मोगरी चालवावी लागली. मिस्त्रींना तो प्रश्न जसाच्या तसा सांगितला. लपवायचे कशाला, म्हटले.

त्यांनी हात फडक्याला पुसले. "मी नसेन तेव्हा पेट्रोल तरी मिळतंय का बघा," म्हणाले. "आणि टिकटिक आज जरा जड येतेय. चला, दोरी ओढा."